उजवा कान बाईंचा

२ जानेवारी, मंगळवार

जॅझ. अठ्ठेचाळीस मिनिटं. त्यातली चाळीस मिनिटं सॅक्सोफोनवाला खिशात घराची किल्ली शोधत होता. शेवटपर्यंत सापडली नाही. मी दहापैकी तीन दिले. बाईंनी शंभरपैकी एकाहत्तर. बाई म्हणजे निवृत्त गणित शिक्षिका. त्या शंभरपैकीच गुण देतात आणि पस्तिसाच्या खाली नापास करतात.

नवी वही, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार — सकाळी सात ते अकरा डायलिसिस. माझ्या दोन्ही मूत्रपिंडांनी दोन वर्षांपूर्वी राजीनामा दिला, नोटीस न देता. तीन नंबरची खुर्ची माझी, चार नंबरची बाईंची. नोव्हेंबरात त्यांचे इयरफोन बिघडले. मी माझ्यातला एक काढून दिला. तेव्हापासून डावा माझ्या कानात, उजवा त्यांच्या. चार तासांत चार अल्बम बसतात. दोन त्यांचे, दोन माझे.

त्यांनी संगीताच्या प्रकारांची यादी केलीय, अकारविल्हे! ऑपेरापासून सुरुवात. आवडनिवड हा प्रकारच नाही, अभ्यासक्रम पुरा करायचा. माझ्याकडे यादी नाही, कारण मला गाणं कळतं. तीस वर्षं लिफ्ट तपासनीस होतो. दोर कुठं घासतोय ते डोळे मिटून सांगायचो. असा कान सॅक्सोफोनवाल्याला वापरायला द्यायचा म्हणजे अन्यायच.

४ जानेवारी, गुरुवार

टेक्नो. मशीनचा अलार्म वाजला तरी पाच मिनिटं कुणाला कळलं नाही. गाण्यातलाच वाटला. गाण्यापेक्षा बरा होता.

९ जानेवारी, मंगळवार

आज माझ्या पाळीला मुद्दाम ठेवणीतला अल्बम लावला — विलंबित ख्याल, एकच राग, सत्तर मिनिटं. गायिका पहिल्या स्वरावर अशी येते की जणू कुणी दार न वाजवता आत येऊन शांत बसावं. माझ्या अंगावर काटा. डावीकडून आवाज आला तो घोरण्याचा.

संपल्यावर बाईच म्हणाल्या की गाणं छान होतं, पण गाणाऱ्या बाई फार वेळ घेतात, एवढ्यात माझी दोन प्रमेयं शिकवून झाली असती. चौतीस गुण दिले. एका गुणानं नापास! वाढीव गुण देऊन पास करायची पद्धत त्यांना मान्य नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘मला पण झोपच येते त्याला.’ सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सांगतेय.

१३ जानेवारी, शनिवार

डिस्को झाला. पंकही झालं. डिस्को म्हणजे जिथं पाय हलवावेसे वाटतात आणि हात हलवायची परवानगी नसते. हातात सुया. बाईंच्या पायाचा पंजा मात्र ब्लँकेटखाली ताल धरत होता. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

पंकमध्ये तरुण माणसं सरकारवर ओरडतात. प्रत्येक गाणं दीड मिनिटाचं. मला वेळेचं हे भान आवडलं. चार गुण.

आमचा टेक्निशियन बाईंचा जुना विद्यार्थी. सातवीत गणितात नापास केलं होतं त्याला त्यांनी. आता तोच दर खेपेला त्यांच्या हातात सुया टोचतो. मी म्हटलं, नियतीनं हिशेब चुकता केला. बाई म्हणाल्या, ‘नाही हो. त्याचं टोचणं अचूक आहे. भूमितीही अशी केली असती तर.’ टेक्निशियन दोन मुलांचा बाप आहे. तरी मान खाली घातली.

२५ जानेवारी, गुरुवार

आज बाईंची फाइल माझ्या खुर्चीवर राहिली होती. बघायची नव्हती. बघितली. रक्तगट माझाच.

म्हणजे असं — मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत मी दीड वर्ष आहे. एखादा मृत दाता मिळाला की रक्तगट जुळणाऱ्यांना बोलावतात. एकाला पहिला म्हणून, एकाला राखीव म्हणून. रक्ताची शेवटची चाचणी पहिल्याशी जुळली नाही तर राखीवाचं नशीब उघडतं. आतापर्यंत मला वाटायचं, यादी म्हणजे कागदावरचे अनोळखी लोक. आज कळलं, त्यातलं एक माणूस माझ्याच इयरफोनला लटकलंय.

त्या माझ्याआधीपासून इथं येतात. म्हणजे यादीतही वरच असणार. विचारलं नाही. विचारायचं काय? ‘तुमचा नंबर कितवा’ हे रेशनच्या रांगेत विचारतात.

फंक नावाचा अल्बम चालू होता. एक सूर ऐकला असेल तर शपथ.

१ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंना खोकला. सर्दी-ताप असलेल्याला त्या आठवड्यात मूत्रपिंडासाठी बोलावत नाहीत. मी काळजीनं चौकशी केली. (‘काळजी’ हा शब्द तपासून घ्यावा.) त्यांनी पिशवीतून खडीसाखरेचा खडा काढला आणि मलाच दिला. म्हणाल्या, तोंडात ठेवा, तहान कमी लागते.

खरंच कमी लागते. दिवसाला पाण्याचे पाच पेले मिळतात आम्हाला, औषधाच्या गोळ्या धरून.

ब्लूज: माणसाची बायको गेली, कुत्रं गेलं, गाडी गेली. मूत्रपिंडं शाबूत होती की नाही त्याचा उल्लेख नाही. सहा गुण.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

मेटल! मी म्हटलं, बाई, हे आपण गाळूया. त्या म्हणाल्या की अभ्यासक्रमातलं गाळलेलंच नेमकं परीक्षेत येतं.

बावन्न मिनिटं पत्र्याच्या शेडवर गारा पडत होत्या आणि आत कुणीतरी डुकराला आंघोळ घालत होतं. माझं डोकं दुखलं. बाई डोळे मिटून, चेहऱ्यावर असं समाधान की मला वाटलं बीपी पडलं. टेक्निशियनला हाक मारणार होतो. त्यांनी एक डोळा उघडून सांगितलं, ‘ह्यात मशीन ऐकू येत नाही. पहिल्यांदाच.’

ब्याण्णव गुण दिले. शाळेतल्या छत्तीस वर्षांत कुणाला दिले नव्हते म्हणे.

मी यावर माझं मत राखून ठेवतो.

२१ फेब्रुवारी, बुधवार

दवाखान्यातूनच लिहितोय. अजून आत घ्यायला दोन तास आहेत.

सकाळी सहाला फोन. मूत्रपिंड आहे, उपाशी या. बायको तिच्या बहिणीकडे, दुपारपर्यंत पोचेल. एकटाच आलो. डायलिसिसच्या काउंटरवरून कागद घ्यायचे होते. टेक्निशियननं ते हातात देताना माझा हातच दाबला. वर नर्सनं रक्त घेतलं आणि म्हणाली की मी पहिला आहे, राखीव म्हणून आणखी एकाला बोलावलंय, चाचणीला पाच तास लागतील, बाकावर बसा.

अर्ध्या तासानं लिफ्टमधून बाई आल्या. हातात कापडी पिशवी.

मी विचारलं, ‘तुम्हालाही फोन आला?’

‘आला.’

एवढंच. माझ्या शेजारी बसल्या. बाकांवर आणखी पाच-सहा जण होते, मी कुणाकडे पाहिलं नाही. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. बाईंनी पिशवीतून इयरफोन काढले. नवे घेतले होते! उजवा आपल्या कानात घातला, डावा मला दिला. आणि लावलं काय, तर माझाच विलंबित ख्याल. चौतीस गुणवाला.

मी मनात म्हटलं, बाई, लोणी लावायला उशीर झाला. चाचणी रक्ताची आहे, गाण्याची नाही.

सत्तर मिनिटं त्या जाग्या राहिल्या. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो.  नखांवर कधी नव्हे तो रंग होता, फिका. नवी सुरुवात म्हणून लावला असेल, असं वाटलं. ही बाई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. हिला मिळून किती वर्षं मिळणार? मला मिळालं तर वीस. हे गणित मी केलं. त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या इयरफोनमधून गाणं ऐकत केलं. बरोबर केलं, चुकलं नाही.

गाणं संपल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं.

साडेबाराला डॉक्टर आले. माझं नाव घेतलं. जुळलं.

मी उठलो आणि कानात इयरफोन तसाच, वायर ताणली गेली. बाईंनी हळूच काढला, पदरानं पुसला. मी त्यांचा चेहरा पाहिला, अगदी निरखून. हरल्याची एक रेघ नाही. उत्तम नट आहेत, असं माझ्या मनात आलं. ते इथं लिहितो, कारण आलं होतं.

‘जा,’ त्या म्हणाल्या. ‘घाबरू नका. आत सगळी हुशार मुलं आहेत.’

पिशवी उचलली आणि जिन्यानं गेल्या. लिफ्ट होती, तरी.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

आज लघवीची नळी काढली. नंतर स्वतः उभा राहून, दोन वर्षांनी पहिल्यांदा, भरपूर.

ध्वनिमुद्रण नाही, पण मत लिहून ठेवतो: सुरुवात जोरदार, मध्ये किंचित ठहराव, शेवट रेंगाळलेला. दहापैकी दहा. बायको दाराबाहेर रडत होती. नर्स म्हणाली, सगळ्यांच्या बायका रडतात, मोजपात्र घेऊन या.

९ मार्च, शनिवार

घरी. पाणी हवं तेवढं. पहिल्या दिवशी चार लिटर प्यालो.

बाईंचा फोन आला होता. मी झोपलोय असं बायकोला सांगायला लावलं. जंतुसंसर्ग नको म्हणून तीन महिने कुणाला भेटायचं नाही असं डॉक्टर म्हणालेच आहेत. फोनमधून जंतू येत नाहीत, हे बायकोनं म्हटलं नाही. नुसतं बघितलं.

२२ मार्च, शुक्रवार

पुन्हा फोन. पुन्हा झोपलो होतो. जिंकलेल्यानं हरलेल्याशी बोलावं तरी काय? ‘तुमचा पण नंबर लागेल हो’? असली वाक्यं मी स्वतः दीड वर्ष ऐकली. ती बोलणाऱ्याचा गळा दाबावासा वाटायचा.

११ एप्रिल, गुरुवार

आज जरा करमेना, म्हणून मेटलचा तो अल्बम लावला. एकट्यानं. दोन्ही कानांत.

आणि बसून राहिलो. डुक्कर आणि गारा, सगळं माझ्या डाव्या कानात होतं. उजवीकडे एक गिटार आहे! सबंध अल्बमभर ती वेगळीच काहीतरी सावकाश धून वाजवते, खाली, पाण्याखालून आल्यासारखी. मला ती कधी ऐकूच आली नव्हती. ती बाईंच्या कानात होती.

मग जॅझ लावला. उजवीकडे पियानो. सॅक्सोफोनवाला किल्ली बिल्ली शोधत नव्हता, तो पियानोला उत्तरं देत होता. फंकमध्ये उजवीकडे अख्खी माणसं गातायत.

म्हणजे चार महिने मी अर्ध्या अल्बमांवर मतं दिली. तीही ठासून. तीस वर्षांचा तयार कान!

आणि माझा ख्याल? तोही तपासला. गायिका दोन्हीकडे सारखी. तंबोरा तेवढा डावीकडे जरा जास्त. त्यात बाईंचं काही नुकसान झालं नव्हतं. चौतीस ते चौतीसच.

बाईंना फोन करून हे सांगावं असं वाटलं. नंबर काढला. मग पाणी पिऊन आलो.

१६ मे, गुरुवार

तपासणीला गेलो होतो. लिफ्टमध्ये टेक्निशियन भेटला. मीच विचारलं, बाई कशा आहेत, त्यांना पुन्हा बोलावणं आलं का. तो म्हणाला, बोलावणं कसलं? त्यांचं हृदय शस्त्रक्रिया सोसणार नाही, यादीत त्यांचं नाव कधीच नव्हतं. त्या दिवशी राखीव म्हणून होते ते दुसरेच गृहस्थ, मागच्या बाकावरचे.

मी म्हटलं, पण फोन आला होता त्यांना.

‘मीच केला होता,’ तो म्हणाला. ‘म्हटलं, बाई, तुमचे शेजारी एकटेच आलेत. म्हणाल्या, निघते.’