मधली अकरा चित्रं

सिडको, संभाजीनगर
१२ एप्रिल २०१६

ती. श्रीधरमामांस,
सा. न. वि. वि.

उशिराबद्दल रागावू नका. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, त्या दिवशी दुसरं काही सुचत नाही. समोरच्या माळावर चार नव्या इमारती उठल्यात, टँकर आधी तिकडे वळतात.

आमचा मुलांसाठीचा, हातानं काढलेल्या चित्रांचा चित्रपट संपत आला. त्यातला उडणारा वीर आपल्या भावाला मारणाऱ्या दुष्टाला शेवटी विहिरीत सोडतो. सांगूनच टाकते, त्या दुष्टाला मी कडूबाचा चेहरा दिलाय. तोच गालावरचा व्रण, तीच टोपी. माझ्या भावाला, आपल्या सुयशला, त्यानं टँकरखाली घेतलं. कोर्टानं त्याला सोडलं, मी नाही सोडणार.

अडलंय एवढंच, की प्रत्येक हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र मी काढायची, मधली अकरा सुयश भरायचा. तुम्हीच लावलेली सवय. आता मधलं कुणालाच जमत नाही.

अजून लाडकी असेन तर, तुमचीच
वैदेही


दौलताबाद
२० एप्रिल

चि. वैदेहीस अनेक आशीर्वाद.

लाडकी आहेसच, पण हट्टीपणात थेट आईवर गेलीस. तुला न विचारता मी हर्सूलला कडूबाच्या घरी जाऊन आलो. त्यानं टँकर सोडलाय, आता दुसऱ्याची मेंढरं राखतो. एवढंच म्हणाला, "गुरुजी, पोरगं हंडा घिऊन आडवं आलं, मला दिसलंच नाय. आता डोळं मिटलं की दिसतंय."

त्याची मुलगी सत्यशीला चौथीत आहे. तिच्याच शाळेत तुमचा चित्रपट दाखवणार आहेत. बापाला सगळी पोरं ओळखतील, मग तिनं कुठं जावं? त्याला माफ कर असं मी म्हणत नाही. त्याचा चहा माझ्याही घशाखाली उतरला नाही. चेहरा तेवढा बदल.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझा मामा


सिडको
२ मे

ती. मामांस, सा. न. वि. वि.

तुमचा भयंकर राग आला. त्याच रागात दोन्ही चित्रं पुरी केली. पहिल्यात दुष्टाची मान वीराच्या मुठीत, शेवटच्यात मोकळा हात आणि खाली विहीर. ती टेबलावर ठेवून, कुलूप लावून टँकरच्या रांगेत गेले. किल्ली कमरेलाच होती. भर दुपारी परत आले, तर दोन्हींच्या मध्ये कागदांची चळत. मोजली. अकरा.

कागद बोटांखालून सोडत पाहिले. मूठ सुटते, पण माणूस पडत नाही. वीर खाली वाकतो, त्याचं मनगट धरतो, वर ओढतो. रेघा डावऱ्या हाताच्या, प्रत्येक कागदावर तळव्यानं पुसटलेलं शिसं. वीराच्या बुटांना बंद नाहीत. सुयश नेहमी विसरायचा, याही वेळी विसरलाय.

मामा, तुम्हीही डावरेच. खरं सांगा, तुम्ही आला होतात ना? मला भीती वाटते. वर येणाऱ्याचा चेहरा मी तळव्याखाली झाकूनच ठेवला, अजून पाहिलेला नाही.

वैदेही


दौलताबाद
६ मे

चि. वैदेहीस आशीर्वाद.

मी आलो नव्हतो. माझं हे अक्षर बघ, वर्षभर हात कापतो आहे. यातून सरळ रेघ निघेल का?

पोरी, भिऊ नकोस. चेहरा बघ. त्यानं त्याचं काम केलंय, शेवटचं चित्र तुझं.

मामा


सिडको
१० मे

ती. मामांस, सा. न. वि. वि.

बघितला. अकराही कागदांवर तो कडूबा नाही. विहिरीतून वर येतेय ती मी आहे.

खूप रडले. मग पहिल्या चित्रातला व्रण आणि टोपी खोडली, शेवटचं चित्र फाडलं आणि नवं काढलं. त्यात वीर आणि वर आलेला, दोघं विहिरीच्या काठावर बसलेत. बुटांना बंद मात्र मी घातले नाहीत, राहू देत तसेच.

तुमचा जीव माझ्यावर असाच असू द्या.
वैदेही