अम्मीच्या उशाला जीपची सीट

अम्मारा बेटा,

समज, तू अम्मी आहेस. पोटावर टाके आहेत, मांडीवर बाळ आहे आणि तू पलंगावर बसून मागं टेकतेस.

सवाऱ्या नेणाऱ्या, आता भंगारात दिलेल्या आपल्या वडाप जीपच्या सीटची पाठ तू काल उशाकडच्या फळीला मागून खिळे ठोकून छान बसवलीस. खिळे मात्र लांब घेतलेस. रेक्झिनवरून नुसता हात फिरवला तर कळत नाही. तळहात हळूच दाबून बघ. पक्कड आणि आखूड खिळे खिडकीत ठेवलेत. मी अम्मीला आणि बाळाला आणायला तळेगावच्या दवाखान्यात जातोय.

– नाना

अम्मारानं तळहात दाबला आणि चटकन मागं घेतला. एकेक खिळा उपटून तिनं आखूड खिळे ठोकले. मग मांडीवर उशी घेऊन, डोळे मिटून ती स्वतःच मागं टेकून बसली.