रजईवरचा हात

अब्बा, घरात आपण दखनीत बोलायचो, पण शाळेला तुम्ही मला मराठी माध्यमात घातलंत. त्यामुळे काही नीट मांडायचं असलं की ते मला मराठीतच सुचतं. छावणीच्या दुकानात तुम्ही गिऱ्हाइकांशी जे मराठी बोलायचात त्याहून हे जरा पुस्तकी आहे, तेवढं चालवून घ्या.

मी तिसरी-चौथीत असेन. थंडीतली सकाळ आहे, शाळेची वेळ झाली आहे आणि मी अंथरुणातून निघत नाही. तुम्ही उठवायला येता तेव्हा मी म्हणते, रजई किती गरम आहे. तुम्ही पिंजारी, सगळं आयुष्य कापूस पिंजण्यात आणि रजया भरण्यात गेलेलं. ते वाक्य तुम्हाला खटकतं. तुम्ही रजई ओढून रिकाम्या पलंगावर टाकता आणि मला तोंड धुवायला पाठवता. परत आल्यावर म्हणता, आता घाल हात. ती गार असते. "रजई गरम नसती," तुम्ही म्हणालात. "गरम तू असतीस. ती फक्त तुझी ऊब जाऊ देत नाय." मला रडू आलं होतं, कारण थंडी होती आणि तुम्ही समजूत घालायच्या ऐवजी शिकवत होतात. आज मी उपग्रहांच्या नोंदींवरून पृथ्वीची किती उष्णता अवकाशात निघून जाते ते मोजण्याचं काम करते. या विषयाचा पहिला धडा मला कुठे मिळाला हे मी कुणाला सांगत नाही. लोकांना ते गोड वाटेल, आणि मला तसं नको असतं. पण ते खरं आहे.

तुमचा एक नियम होता. नव्या कापसाची पहिली रजई विकायची नाही, आधी घरात वापरायची. ती बहुतेक माझ्या अंगावर यायची. पहाटे फजरच्या नमाजाला उठलात की तुम्ही हाताची मागची बाजू रजईला वरून लावून बघायचात. मी जागी असायचे, डोळे मिटून. वरचं कापड गार लागलं तर रजई चांगली भरली. कोमट लागलं तर ऊब बाहेर निघून चालली आहे, कापूस पुन्हा पिंजायचा. एवढी खात्री करूनही गिऱ्हाइकाला मात्र तुम्ही मोजकंच सांगायचात. रजई किती वर्षं टिकेल, असं कुणी विचारलं की म्हणायचात, कापूस चांगला आहे हे सांगतो, तुम्ही ती कशी वापराल ते मला कसं कळणार.

आता दुकान चाचा चालवतात. गेल्या मे महिन्यात मी घरी आले, ती त्यांच्या मुलीच्या फोनमुळे. ती बारावी झाली. तिला भौतिकशास्त्र घेऊन पुढे माझ्याच विषयात जायचं होतं आणि चाचांनी नाही म्हटलं होतं. बाहेरगावी पाठवायला त्यांची हरकत नव्हती. माणसामुळे पृथ्वी तापतेय हे शास्त्रच खोटं आहे, मोबाइलवर रोज कुणीतरी त्याची पोल खोलतं, असं त्यांचं म्हणणं. खोटं शिकायला पोरीची वर्षं का घालवायची? प्रश्न रास्त होता. उत्तर मला द्यायचं होतं, आणि ते पटलं नाही तर तिचा रस्ता बंद होणार होता.

लग्नसराईच्या गाद्या भरणं चालू होतं. कापसाची धूळ उडत होती. त्यांची मुलगी दाराशी उशांच्या खोळी शिवत होती, पण सुई चालत नव्हती. चाचा म्हणाले, ऊन काय आत्ता पडायला लागलं? निजामाच्या काळातही पडायचंच. मी म्हटलं, गाद्या पावसाळ्यात भिजायच्याच. पण मे महिन्यात गादी ओली दिसली तर तुम्ही आभाळाकडे बघत नाही, पाणी कुणी सांडलं ते विचारता. हवामान आधी बदलायचं त्याला कारणं होती. ती आम्ही तपासली, त्यांच्यानं आत्ताचा हिशेब लागत नाही. मग ते सूर्यावर आले. सूर्यच जास्त तापला असेल तर?

"चाचा, खोलीत शेगडी पेटवली तर रजई वरून कशी लागेल?"

"गरम."

"आणि रजई जाड केली तर?"

"वरून गार लागंल."

मी सांगितलं, सूर्य तापला असता तर हवेचे खालचे-वरचे सगळे थर तापले असते. खालचा तापतोय आणि फार वरचा गार होतोय. तेवढ्यावर मला थांबता आलं असतं, पण उपमा जिथे संपते तेही सांगितलं. रजई हवा अडवते, हवेत वाढलेला कार्बन डायऑक्साइड निघून जाणारी उष्णता पकडतो. वरचा थर गार होण्याचं कारणही नेमकं तेच नाही, पण खूण तीच आहे. चाचा ऐकून घेत होते. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. रजई जाड झाली म्हणू, पण कापूस माणसानंच घातला कशावरून? मी म्हटलं, गादीत जुना कापूस मिसळला तर तुम्ही बोटांनी ओळखता. कोळसा आणि तेल म्हणजे फार जुनी झाडं. त्यांच्या कार्बनचा वाण झाडांचा असतो, पण वय फार असतं. ज्वालामुखीच्या कार्बनचा वाण निराळा. हवेत वाढलेला कुठला, ते ओळखता येतं; तो कोळशा-तेलाचाच आहे.

"बरं, मग पुढचा उन्हाळा याच्याहून वाईट असंल का, ते सांग."

"एका उन्हाळ्याचं मी सांगू शकत नाही. वर्षं जातील तसे जास्त तापतील, एवढं सांगते."

चाचांनी हातातला दाभण खाली ठेवला. आता हसतील असं मला वाटलं. ते मुलीकडे बघून म्हणाले, "भाईजान भी ऐसाच बोलते थे. जितना मालूम, उतनाच." मग तिला म्हणाले, फॉर्म भरायची तारीख कधीची आहे ते बघ.

त्यांना सगळं पटलं असं नाही. अजूनही असले व्हिडिओ ते मला पाठवतात, फक्त आता खाली विचारतात, यात खोट कुठे आहे? त्यांची मुलगी आता पहिल्या वर्षाला आहे. त्या दिवशी मी जिंकले याचा मला जितका अभिमान आहे, त्याहून जास्त मी कशी बोलले याचा आहे, आणि तो अर्धा तुमचा आहे. तुमच्यासमोर हे मी बोलले नसते, म्हणून लिहिलं. पाठवायला पत्ता नाही.

एक राहिलं. तुम्ही भरलेली शेवटची रजई माझ्याकडे आहे. कापूस बसलाय. थंडीत पहाटे मी तिला वरून हात लावून बघते; कोमट लागते. चाचा दर खेपेला म्हणतात, आण, पिंजून देतो. मी वरून शाल घेते, पण रजई देत नाही.