हेडखालची दोन पॅकिंगं

तात्या, काल गॅरेजवर एक गिऱ्हाईक आलं होतं, जुनी साडेतीनशे सीसीची मोटारसायकल घेऊन. गाडी त्याच्या वडिलांची. इंजिनाचं हेड घासून द्या, कॉम्प्रेशन वाढवा, पिकअप पाहिजे, म्हणाला. फोनवर सगळं बघून आलेला. मी विचारलं, किक कोण मारतं? म्हणाला, मीच मारतो, कधीतरी आमचे आप्पा मारतात, जुनी सवय. मी त्याला पुढच्या आठवड्यात ये म्हणून वाटेला लावलं. सोलापुरात या कामात माझं बरं नाव आहे, आलेलं काम मी सहसा परत पाठवत नाही. काल पाठवलं आणि दिवसभर उगाच सगळ्यांवर डाफरत राहिलो, भाजीत मीठ कमी म्हणून बायकोवरसुद्धा. मीठ बरोबर होतं. म्हणून आज लिहायला बसलोय.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं सरलं की गावाखालची जमीन उघडी पडायची, वाळून टणक झालेली, आणि आम्ही पोरं तिच्यावर गाड्या पळवायचो. तुमची गाडीही साडेतीनशेचीच, जड, कायम मागं. काठावरच्या सगळ्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याचा पोरगा, आणि बसलाय म्हशीवर, अशी माझी टिंगल चालायची. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, अक्कल कमी आणि हात चांगला, दोन्ही तुम्हाला माहीत होतं. तुम्ही चार दिवस अक्कलकोटला आत्याकडे गेलात तेवढ्यात मी इंजिनावरचं हेड उतरवलं, पिशवीत घालून एसटीनं करमाळ्याला नेलं आणि लेथवर घासून आणलं. हेड खाली बसलं, आतली जागा कमी झाली, दाब वाढला. दाब वाढवला की ठिणगी जराशी उशिरा पाडावी लागते, हे तुम्हीच शिकवलेलं. मी उलट ती आणखी लवकर पडेल अशी ठेवली, वरच्या वेगाला जोर मिळेल म्हणून. तुम्ही कितीदा म्हणाला होता, "इंजिनाला दाब किती द्यायचा, ते किक मारणाऱ्या पायाला इचारायचं." ठिणगी लवकर पडली तर पिस्टन वर पोचायच्या आत पेट्रोल पेटतं आणि किकचा दांडा सगळ्या ताकदीनिशी उलटा येतो. मला तो दोनदा बसला होता. पायात जाड बूट होते, निभावलं. गाडी मात्र त्या संध्याकाळी सगळ्यांच्या पुढं होती आणि मी हवेत होतो. घरी आलो तर तुम्ही परत आलेले. सकाळी उठल्याउठल्या ठिणगीचं टायमिंग मागं घ्यायचं, असं ठरवून मी पडवीत अंग टाकलं.

तुम्ही माझ्याआधी उठलात. खालच्या मळ्यातले काका आले होते, त्यांची मोटार बंद पडली होती आणि केळीला पाणी नव्हतं. तुम्ही हत्यारांची पिशवी अडकवली, चपला घातल्या, नेहमीसारखा दिव्याजवळचा काटा बघून किक जागेवर आणली आणि सगळं वजन टाकलं. मग फक्त तुमचं ओरडणं. घोटा दोन ठिकाणी मोडला होता. आधी करमाळा, मग सोलापूर, आत स्टीलची पट्टी, वर प्लास्टर. बघायला येईल त्याला तुम्ही एकच सांगत होता, "चप्पल सटकली की. दुसरं काय न्हाय." पाय पुन्हा सरळ पडला नाही. काठावरच्या चिखलात उतरून मोटार बघणं संपलं. लोक मोटारी घरी आणून टाकू लागले, आणि ज्यांना ते जमेना ते दुसऱ्याकडे गेले. पाण्याच्या कडेला बसून काम करायला तुम्हाला किती आवडायचं, ते मी रोज बघत मोठा झालो होतो.

प्लास्टर असतानाच एकदा तुम्ही मला केमला पाठवलंत, काहीतरी फालतू काम काढून. परत आलो तर तुम्ही पाटावर बसून रॉकेलनं हात धूत होता. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. प्लास्टर निघाल्यावर किल्ली माझ्या हातात दिलीत, म्हणालात आता तूच वापर. गाडी पुन्हा मागं राहू लागली, मला वाटलं पिस्टनच्या रिंगा गेल्या. तुम्ही गेल्यावर कितीतरी दिवसांनी इथं गॅरेजवर आणून ती उघडली. हेडखाली एकाच्या जागी एकावर एक तांब्याची दोन पॅकिंगं होती, कडा कानसीनं नीट घासून बसवलेली. मी कमी केलेली जागा तुम्ही मोडक्या पायानं परत भरून काढली होती. टायमिंगही मागं घेतलेलं. तात्या, मला खूप लाज वाटली, आणि तुमचा रागही आला. एक मुस्कटात ठेवून दिली असती तर मी तेव्हाच मोकळा झालो असतो. आता कुणाकडे जाऊ मोकळा व्हायला?

आई माझ्याकडेच असते. तुमचा विषय निघाला की ती अजून म्हणते, "त्या गुळगुळीत चपला टाका म्हणून कितींदा सांगितलं, पर ऐकतंय कोण." इतकी वर्षं ती तुम्हाला बोल लावते आणि मी खाली बघून जेवतो. आत्ताही तिनं आतून विचारलं, काय लिहितोयस एवढं. म्हटलं, एका गाडीचं काम लिहून ठेवतोय. पॅकिंगं मी तशीच परत बसवली आहेत. हा कागदही त्या गाडीच्या टूलबॉक्समध्येच जाईल.

पण एक गोष्ट तुम्हालाही माहीत नाही. त्या सकाळी मी झोपलेलो नव्हतो. काकांची हाक ऐकली, स्टँड काढल्याचा आवाज ऐकला, तुम्ही किक जागेवर आणताय तेही कळलं. थांबा, एवढंच म्हणायचं होतं. मनात म्हटलं, होईलही चालू, कशाला सांगा. आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली.