यंदा गाडी कोण चालवणार

केपटाऊन, मंगळवार

प्रिय आई,

क्रुगरच्या जंगलातली आपली नदीकाठची झोपडी मिळाली. अकरा महिने आधी नंबर लावूनही हुकता हुकता वाचली. हॉस्पिटलातली रात्रपाळी करून आले ती बूटही न काढता फोन कानाला लावून बसले होते. पाय सुजलेत, बाकी बरी आहे. वाटेत कॉफीत बुडवायचे टोस्ट तूच भाज, इथल्या विकतच्यांचा नुसता भुगा होतो.

बाबांच्या डोळ्यांचं डॉक्टर काय म्हणाले? तू लिहायचं टाळतेस.

तू पत्र त्यांना वाचून दाखवतेस ना, मग एवढं मनातच वाच. मागच्या वेळी त्यांनी दाखवलेला बिबट्या म्हणजे वाळकं खोड होतं. “दिसला, दिसला!” म्हणून मीच ओरडले आणि तू दिसलेल्या प्राण्यांच्या वहीत खूण केलीस. परतताना मात्र गाडी चालवत असून त्यांना रस्त्यातला हत्ती अगदी जवळ गेल्यावर दिसला. आता ते नाटक करून पुन्हा गाडी त्यांच्या हातात देणं मला झेपायचं नाही गं.

आता मोठ्यानं वाच. बाबा, यंदा गाडी मी चालवणार. तुम्ही खिडकीशी बसा. मला मेलीला बिबटे कधीच दिसत नाहीत, ते तुम्हीच दाखवायचे.

दमलेली, पण तुमचीच,
मार्लीस