फेफो हाती लागत नाही

२ सप्टेंबर
आजही नाही लागली हाती! मुठीत मीठ घेऊन सकाळभर "ये बाई, ये बाई" करत चढावर हिंडले. चार पावलांवर येते, कान टवकारते, अन् शेपूट वर करून जाते उधळत. आमच्या डोंगरात सप्टेंबर लागला, बर्फ वितळलं, कोवळं गवत फुटलं, की घोड्यांच्या अंगात येतं, हे मला नवं नाही. पण मीठ पाहून पाठ फिरवणारी फेफो? छे. यात काहीतरी आहे.

दिनेओला, माझ्या लेकीला, बाळासकट सासरी पोचवायचंय. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि परतपाठवणी माहेरच्या घोडीवर. पायी धाडली तर सासरचे जन्मभर ऐकवतील. मोलेफीचा, म्हणजे जावयाचा, निरोप येऊन पडलाय – कधी आणताय?

५ सप्टेंबर
मोखेले! दुसरं कोण? ओढ्यापलीकडे राहतो, येता-जाता माझ्या घोडीकडे बघतो. गेल्या वर्षी विकत मागत होता, मी सरळ नाही म्हटलं. आता तिला बिचकवून ठेवायची, म्हातारी कंटाळली की आपणच विकेल – हा डाव. दिनेओला सांगितलं. ती म्हणाली, असेलही. पोरगी माझ्यावर गेलीय, लगेच कळतं तिला.

७ सप्टेंबर
ओढ्याकाठी त्याच्या बुटांचे ठसे. पाण्याला सगळेच जातात म्हणा. पण ठसे त्याचेच.

१० सप्टेंबर
आज स्वतःच दारात! टोपी हातात घेऊन. "वहिनी, माझा घोडा न्या. लेकीला पोचवा, मग आणा सावकाश." इतका गोड? माझा संशय दुप्पट झाला. मी काही बोलायच्या आत दिनेओ आतून म्हणाली, नको, तो घोडा लाथा झाडतो. मोखेले म्हणे, हा घोडा तर माशीवरही शेपूट हलवत नाही. बसला हसत. मी जोआलाचं, घरच्या ज्वारीच्या बिअरचं, भांडं पुढे केलं, रीत म्हणून. पिऊन गेला. तीही दोनदा मागून घेतली!

१२ सप्टेंबर
ऊन चांगलंच तापलं. गावात सगळ्यांची ब्लँकेटं खांद्यावरून उतरली, दिनेओचं काही उतरत नाही. चुलीपाशीसुद्धा गुंडाळून बसते, कपाळावर घाम. विचारलं तर म्हणते, बाळाला पाजताना वारा लागतो. आंघोळीला दार लावून घेते. आईपासून कसली लाज? मोखेलेच्या बायकोने परवा लापशी दिली होती. त्यात काही घातलं तर नसेल? उरलेली ओतून दिली. आता तिच्याकडचं काही घ्यायचं नाही.

१५ सप्टेंबर
मोलेफीचा निरोप – रविवारी मीच येतो, घोडी कशी सापडत नाही ते बघतो. भला माणूस. लग्नात माझ्या पाया पडला होता, दर वेळी साखर आणतो. दिनेओने निरोप ऐकला अन् मक्याच्या उकडीचं ताट तसंच सरकवलं. उशीर झाल्याची लाज वाटत असेल.

आता मोखेलेला रंगेहाथ पकडायचाच. उद्या पहाटे गोठ्याच्या दगडी भिंतीआड दबा धरते.

१६ सप्टेंबर
घडलं तसं लिहिते.

फेफो आली होती. उजाडता उजाडता, आपणहून, भिंतीपाशी, मीठ चाटायला. मी काठी घट्ट धरली. आणि ओढ्याकडून पाण्याची बादली घेऊन दिनेओ आली. बादली खाली ठेवली. ब्लँकेट खांद्यावरून ओढून काढलं आणि घोडीच्या तोंडावर झाडलं – एकदा, दोनदा, जीव खाऊन. फेफो उधळली ती थेट वरच्या कड्यापर्यंत. पोरीचा सदरा वर सरकला होता. पाठीवर वळ. काठीचे. जुन्यावर नवे, काळपट, एक अजून धड भरला नव्हता, पुन्हा पुन्हा उकललेला. माझ्या घरी येऊन इतके दिवस झाले तरी!

मला पाहून तिने ब्लँकेट ओढून घेतलं. म्हणाली, "ती सापडली की मला जावं लागेल, आई."

साखर आणतो मेला. मी सगळ्या गावावर डोळा ठेवला, मोखेलेला पाण्यात पाहिलं, त्याच्या बायकोची लापशी ओतून दिली. आणि साखर तेवढी डब्यात भरत राहिले. आज सगळी साखर उकिरड्यावर ओतली.

दुपारी तिच्या पाठीला तेल लावलं. दोघी रडलो. बाळ झोपून होतं.

१९ सप्टेंबर, रविवार
फेफो पहाटे दारात आली. माझ्या अंगावरचं ब्लँकेट काढलं आणि मीच झाडलं तिच्यावर. गेली डोंगरापलीकडे!

जावई आले, हातात दोर, साखरेची पुडी. म्हटलं, ऋतू बदललाय, घोडी काही ऐकत नाही. गेलाय चढ चढून शोधायला. मोखेलेला आणि माझ्या भावाला बोलावून घेतलंय, दोघे अंगणात बसलेत. दमून उतरला की सांगणार आहोत, पोरगीही मिळायची नाही.

दिनेओ चुलीपाशी बाळाला पाजतेय. ब्लँकेट खुंटीवर आहे.