बाटली हलवणं माझं काम नव्हे

३ मार्च, सकाळी ९
आजपासून रोज लिहिणार. सिरियम ऑक्साइडचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी धातूची भुकटी, मधुमेहातली चिघळलेली जखम भरून काढते, हे मी उंदरांवर सिद्ध करतोय. अँटिऑक्सिडंट आहे ती. लॅबमध्ये हा शब्द नीट उच्चारणारा मी एकटाच. वीस तारखेला कमिटी. नऊ वर्षं टेंपररी आहे. यंदा कायम होणारच. कमिटीला अक्कल असेल तर.

६ मार्च
ज्युनिअर मुलीचं म्हणणं, औषधवाले उंदीर आणि नुसतं पाणी लावलेले उंदीर सारखेच बरे होतायत. मी म्हटलं, म्हणजे औषध पाण्याइतकं निरुपद्रवी आहे. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. पटलं असावं.

७, ८ मार्च
लिहिलं नाही. विचार चालू होता.

९ मार्च
बायको म्हणते, यंदा कायम नाही झालात तर माझ्या भावाच्या दवाखान्यात नोकरी धरा. मेहुणा हाडांचा डॉक्टर. डोकंही त्याच मालाचं. त्याच्या हाताखाली मी? स्पष्ट सांगितलं, मरेन पण जाणार नाही. ती म्हणाली, आधी भाजी आणा. आणली.

१२ मार्च
उंदीर सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, औषधाच्या बाटलीच्या तळाशी पिवळट गाळ बसतोय, हलवून घ्या. आता यांच्याकडून केमिस्ट्री शिकायची! 'वापरण्यापूर्वी हलवा' ही चिठ्ठी मीच चिकटवलीय. इतरांसाठी. बाटल्या हलवणं कंपाउंडरचं काम. मी वरचं नितळ तेवढं घेतो.

१९ मार्च, रात्री
भाषण पाठ. इस्त्रीत शर्ट जळाला. कोटाखाली दिसणार नाही.

२० मार्च, दुपारी ४
कमिटीतल्या म्हाताऱ्याला बाटली तपासायची होती. ज्युनिअरने, मी रोज घेतो तसाच, वरचा थेंब कण मोजायच्या मशीनमध्ये घातला. नॅनोकण शून्य; सगळे तळाच्या गाळात. म्हणजे तीन महिने मी सगळ्याच उंदरांना पाणी लावत होतो. म्हाताऱ्याने विचारलं, मग इतक्या चिघळलेल्या जखमा भरल्या कशाने? मावशींनी सांगितलं, त्या रोज जखमा धुतात आणि दिवसातून दोनदा पिंजऱ्यातला भुसा बदलतात. कमिटी त्यांच्याशी तासभर बोलली. मी कोट घालून बसलो होतो. लाज वाटली. उकडतही होतं.

२३ मार्च
निकाल लागला. मावशी कायम. माझी मुदत महिनाअखेर संपते. राजकारण, दुसरं काय!

२४ मार्च, सकाळी ११
मेहुण्याला स्वतः फोन केला. कडक आवाजात विचारलं, कधीपासून येऊ?
विचार करून सांगतो म्हणाला.